कुणाकडे जायचंय?

डिसेंबर उजाडला की विद्यापीठांच्या आवारात मांडवाचे बांबू दिसू लागतात. परीक्षांचा धुरळा बसलेला असतो आणि पुढच्या तीन महिन्यांत वर्षभराचे कार्यक्रम उरकायचे असतात. व्याख्यानमाला, युवा महोत्सव, चित्रप्रदर्शनं, एकांकिका, चर्चासत्रं. काही तारखा तर पंचांगात छापल्यासारख्या पक्क्या आहेत. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती, १४ जानेवारीला मराठवाड्यात नामविस्तार दिन, १० फेब्रुवारीला पुणे विद्यापीठाचा वर्धापन दिन, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आणि दुसऱ्याच दिवशी राष्ट्रीय विज्ञान दिन. बहुतेक ठिकाणी प्रवेश फुकट. पत्रिकेच्या तळाशी 'सर्वांचे हार्दिक स्वागत' असं छापलेलंही असतं.

मग शेजारच्या वस्तीतली दहावीतली मुलगी किंवा एखादे निवृत्त पोस्टमास्तर गेटपाशी येतात आणि रक्षक विचारतो, "कुणाकडे जायचंय?"

यात रक्षकाचा दोष नाही. त्याला तेवढंच शिकवलेलं असतं. पण आत जायचं तर आतलं कुणीतरी ओळखीचं हवं, हे त्या दोन शब्दांतच ठरून गेलेलं असतं. 'व्याख्यानाला' असं उत्तर दिलं की नवे प्रश्न सुरू होतात: कुठल्या विभागात, कुणी बोलावलंय, रजिस्टरमध्ये नाव आणि मोबाइल नंबर लिहा. पोस्टमास्तर एखादे वेळी चिकाटीनं आत शिरतील. मुलगी परत जाते. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत कार्यक्रम कमी होत नाहीत आणि ते सगळे सुमार असतात असंही नाही. ते गावाचे होत नाहीत, हे खरं दुखणं आहे.

पुण्यापुरतं बोलायचं तर या दुखण्याचं मूळ विद्यापीठाहूनही जुनं आहे. आजची मुख्य इमारत एकेकाळी मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरचा पावसाळी मुक्काम होती. २२ जून १८९७ च्या रात्री तिथे व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या हीरकमहोत्सवाची मेजवानी झाली. शहर प्लेगनं पोळलेलं होतं आणि आत दिव्यांची आरास होती. मेजवानी आटोपून परतणाऱ्या प्लेग कमिशनर रँडवर गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. निमंत्रित आत आणि शहर बाहेर, अशी त्या आवाराची पहिली ओळख. १९४९ मध्ये तिथे विद्यापीठ आलं, मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले. आज ४११ एकरांच्या त्या आवारातली वडाची झाडं पहाटे फिरायला जाणाऱ्या पुणेकरांना नीट ठाऊक असतात. त्या झाडांमागच्या सभागृहांत संध्याकाळी काय चाललेलं असतं, हे त्यांतल्या किती जणांना सांगता येईल?

सभागृहांत काय चालतं, तेही एकदा पाहायला हवं. अकराच्या कार्यक्रमाला पावणेबारा वाजलेले असतात. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय. तोही पाहुण्यांनीच पाठवलेल्या दोन पानांवरून वाचून दाखवलेला. शेवटच्या रांगांमध्ये द्वितीय वर्षाची मुलं बसवलेली असतात, कारण हजेरी इथेच घेणार असं सांगितलेलं असतं. बोलायला आलेल्या माणसाच्या वाट्याला जेमतेम अर्धा तास येतो. कार्यक्रम संपायच्या आत फोटो मात्र निघालेले असतात, तेही जिओटॅग केलेले, म्हणजे स्थळ आणि वेळ कोपऱ्यात उमटलेले. मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीला ते लागतात. फायलीत 'लाभार्थी' म्हणून एक आकडा पडतो. त्या आकड्यात स्वतःच्या पायांनी आलेले किती, असा रकाना कुठल्याच तक्त्यात नसतो. असता, तर बऱ्याच विभागांची पंचाईत झाली असती.

याच पुण्याच्या आवारात, याच गेटांच्या आत, वेगळी रीतही रुजली आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्यानं ठेवण्याचा प्रघात पडला. एकच विषय एकदा इंग्रजीत आणि एकदा मराठी किंवा हिंदीत. इतकी साधी गोष्ट, पण दुसरा शनिवार म्हटलं की शाळांना वेगळं पत्र पाठवावं लागत नाही. संकष्टी जशी कुणाला कळवावी लागत नाही, तसंच. संस्थेचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर सही मागायला आलेल्या मुलांना सांगत, विज्ञानाचा एक प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठव, उत्तर सहीसकट येईल. सहीच्या हौसेला त्यांनी पत्रव्यवहाराचं वळण लावलं. पुढे पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून मुलांच्या विज्ञान शोधिकेची वास्तू उभी राहिली. तिचं नाव 'पुलस्त्य'. सप्तर्षींमधला एक तारा आणि खुद्द पुलं, दोघंही त्या नावात बसले. तिथे अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या, स्ट्रॉ आणि रिकाम्या बाटल्यांतून खेळणी करत वर्षानुवर्षं मुलांना विज्ञान दाखवलं. फ्लेक्सवर जेवढा खर्च होतो, तेवढ्यात अशी किती खेळणी होतील याचा हिशेब कुणीतरी मांडावा.

नारायणगावजवळच्या खोडदची गोष्ट याहून बोलकी आहे. तिथल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीत पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत आणि ती चालवणारं केंद्र पुणे विद्यापीठाच्याच आवारात आहे. विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला जत्रा भरते. दुसरा शब्द तिला शोभत नाही. आसपासच्या शाळा प्रयोग मांडतात, एसटीनं आणि जीपनं माणसं येतात, डोक्यावर पदर घेतलेल्या आज्या तबकडीखाली उभ्या राहून ही फिरते कशी म्हणून विचारतात, आणि शास्त्रज्ञांना त्याचं उत्तर मराठीत द्यावं लागतं. हा निव्वळ उपकाराचा मामला नाही. आकाशातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओलहरी टिपणाऱ्या यंत्राला शेजारच्या मोबाइल मनोऱ्याचा, विजेच्या ठिणग्यांचा त्रास होतो. शेजाऱ्यांनी सांभाळून घेतलं नाही तर दुर्बीण बहिरी होईल. पुणे–नाशिक रेल्वेचा मार्ग याच दुर्बिणीमुळे बदलावा लागेल असं २०२५ मध्ये सांगितलं गेलं, तेव्हा जुन्नर-आंबेगावात नाराजी उमटली. आपली गाडी एका यंत्रासाठी का वळवायची, हा तिथल्या माणसांचा प्रश्न रास्तच आहे. पण ते यंत्र निदान त्यांनी आतून पाहिलेलं आहे. वाद घालायचा तर तो पाहिलेल्या गोष्टीबद्दल घातला जातो. बहुतेक विद्यापीठांच्या नशिबी एवढंही नाही. त्यांचं अनुदान कापलं गेलं तर शेजारच्या गल्लीत कुणाला पत्ताही लागत नाही.

विद्यापीठानं गावात जायचं, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. 'बहिःशाल' हा शब्दच त्यासाठी घडवला गेला: शाळेबाहेरचं शिक्षण. पुणे विद्यापीठाच्या बहिःशाल मंडळानं जयकरांच्या नावाची व्याख्यानमाला तालुक्यातालुक्यांच्या महाविद्यालयांत नेली. संध्याकाळी शेतावरून, दुकानातून, पंचायत समितीच्या कचेरीतून आलेली माणसं ऐकायला बसावीत, ही त्यामागची अपेक्षा. माला आजही चालते. पण कित्येक ठिकाणी ती संध्याकाळ सोडून सकाळच्या तासात सरकली आहे, कारण सकाळी वर्ग भरलेले असतात आणि श्रोते गोळा करावे लागत नाहीत. त्या वेळी दुकान बंद करून कोण येणार? वेळ बदलली, तिथेच त्या 'बहिः'चा जीव गेला.

पुण्याच्याच गोखले अर्थशास्त्र संस्थेचा एक दाखला इथे आठवावा. २९ जानेवारी १९३९ रोजी संस्थेच्या वार्षिक समारंभात, काळे स्मृतिव्याख्यानासाठी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर गोखले हॉलमध्ये बोलले. १९३५ च्या कायद्यानं येऊ घातलेल्या संघराज्याची त्यांनी चिरफाड केली. संस्थानिकांना त्यात मिळणारं स्थान लोकशाहीला कसं घातक आहे ते मांडलं. त्या भाषणाची पुस्तिका झाली आणि 'फेडरेशन व्हर्सेस फ्रीडम' या नावानं ती आजही वाचली जाते. म्हणजे शहराच्या सभागृहातलं एक भाषण, विषय त्या घडीचा, आणि नंतर छापील मजकूर कुणाच्याही हाती पडेल असा. आज ध्वनिमुद्रण खिशातल्या फोनवर होतं. तरी किती विद्यापीठांच्या व्याख्यानांचा मजकूर महिनाभरानंतर कुणाला मिळतो? पाहुण्यांना हार घालतानाचे फोटो तेवढे मिळतात. छपाईचा आळस अर्थात जुनाच. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७७ मध्ये दिलेली विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानं ग्रंथरूपानं यायला १९१४ उजाडलं होतं.

गोव्यानं मात्र शहाणपणा केला. ताळगावच्या पठारावरच्या गोवा विद्यापीठानं अभ्यागत प्राध्यापकांची अध्यासनं निर्माण केली, त्यांना दामोदर कोसंबी, मारिओ मिरांडा, बाकीबाब बोरकर, अँथनी गोन्साल्विस अशी माणसांना ओळखीची नावं दिली आणि त्यांच्या अभ्यासक्रमांना विद्यापीठाबाहेरच्या नागरिकांनाही बसू दिलं. सिनेमातल्या गाण्यामुळे अँथनी गोन्साल्विस हे नाव घरोघरी पोचलं. ते संगीतकार प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू होते, हे फार थोड्यांना माहीत. त्यांच्या नावाचं अध्यासन पाहून पणजीतला एखादा वादक कुतूहलानं तरी चढ चढून जाईल.

काही वेळा मात्र विद्यापीठ बोलावत नाही, तरी माणसं येतात. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचं गेट १४ जानेवारीला पाहावं. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळानं नामांतराचा ठराव केला, मग मराठवाड्यात दलित वस्त्या जळल्या, लाँग मार्च निघाला, माणसं मेली, आणि १९९४ च्या १४ जानेवारीला विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव जोडलं गेलं. त्या दिवशी दरवर्षी त्या गेटसमोर जनसागर लोटतो. पुस्तकांचे स्टॉल, भीमगीतं, निरनिराळ्या पक्षांचे मंच, लेकराला खांद्यावर घेऊन गेटला हात लावायला आलेली माणसं. त्यांतल्या अनेकांनी विद्यापीठाची पायरी विद्यार्थी म्हणून कधीच चढलेली नसते. तरी हे विद्यापीठ आपलं आहे, हे त्यांना कुणी समजावून द्यावं लागत नाही. एका दिवसासाठी का होईना, गेटवर कुणी कुणाला काही विचारत नाही. उरलेल्या दिवशी त्याच माणसांना आत कुठल्या कार्यक्रमाला बसता येईल, हे कळवण्याची सोय मात्र कुठल्याच विद्यापीठाकडे धड नाही.

दार उघडण्याची भीती काही अगदीच खोटी नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांचा नाट्यप्रयोग बंद पाडला गेला. रामलीलेतल्या नटांची पडद्यामागची गंमत हा विषय. भावना दुखावल्याची तक्रार झाली आणि विभागप्रमुखांसह पाच विद्यार्थ्यांना अटक झाली. पुढे जामीन मिळाला, पण १९८७ पासून गुरुकुल पद्धतीनं नाटक, संगीत आणि नृत्य शिकवत आलेल्या केंद्राला जो दणका बसायचा तो बसलाच. अशा घटनेनंतर प्रशासनाला सुचणारा उपाय ठरलेला असतो: आणखी एक परवानगी, आणखी एक समिती, गेटवर आणखी एक रजिस्टर. हा उपाय उलटा आहे. प्रयोगाला नेहमी येणारा प्रेक्षक असता, शनिवारी केंद्रात काहीतरी पाहायला मिळतं हे ठाऊक असलेली शे-दोनशे माणसं समोर असती, तर गोंधळ घालणाऱ्यांना 'आम्हाला बघू द्या' असं सांगणारं कुणीतरी त्यांत निघालं असतं. ओस सभागृहात पोरं एकटी पडतात.

मागण्या छोट्या आहेत. महिन्याचं एक पान, मराठीत, पहिल्या तारखेला शहरातल्या वाचनालयांत, शाळांत, बसथांब्यांवर आणि या वृत्तपत्रासारख्या पत्रांत पोचावं. बाहेरच्यांसाठीचे कार्यक्रम संध्याकाळी सहानंतर किंवा सुट्टीच्या दिवशी व्हावेत. सत्कार दहा मिनिटांत आटपावेत, प्रश्नोत्तरांना अर्धा तास राखून ठेवावा. आणि त्या दिवसाच्या कार्यक्रमांची यादी कुलगुरूंच्या टेबलावर जाण्याआधी गेटवरच्या रक्षकाच्या हातात पडावी: कुठलं सभागृह, किती वाजता, आणि चालत जायला किती मिनिटं लागतात.