विश्लेषण : डोक्यावर ढग, तरी शिवार कोरडं, असं का होतं?

जूनमध्ये ‘मान्सून राज्यात दाखल’ ही बातमी झळकते. सोलापूर, बीड, धाराशिवच्या आभाळातही ढग दिसू लागतात. पण ते वाऱ्याबरोबर पूर्वेकडे पळतात आणि शेतात जेमतेम शिडकावा होतो. तेवढ्यावर पेरणी केली, तर दुबार पेरणीचं संकट ठरलेलं. मग अरबी समुद्रावरून आलेलं बाष्प जातं कुठे?

घाटात काय घडतं?

नैर्ऋत्य मोसमी वारे साधारण दीड किलोमीटर उंचीवर सर्वाधिक वेगाने वाहतात. सह्याद्रीला धडकल्यावर ही बाष्पयुक्त हवा वर चढते, थंड होते आणि पाऊस कोसळतो. घाट ओलांडून खाली उतरताना मात्र ती दर १०० मीटरला सुमारे १ अंशाने तापते आणि ढग विरतात. म्हणूनच एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिमीहून जास्त पाऊस पडतो, तर माण तालुक्यात ५०० मिमीच्या आसपास.

मग मराठवाड्यात पाऊस कसा पडतो?

घाटापलीकडे बाष्प पूर्ण संपत नाही. कमी पडतं ते हवा वर उचलणारं बळ. ते अनेकदा बंगालच्या उपसागरातून येतं. तिथलं कमी दाबाचं क्षेत्र ओडिशा, छत्तीसगड, विदर्भाच्या दिशेने सरकलं, की मराठवाड्यातही पावसाचा जोर वाढतो.

कृत्रिम पाऊस हा उपाय आहे का?

मर्यादित. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१८ आणि २०१९ मध्ये सोलापूर परिसरात प्रयोग केले. अनुकूल ढगांवर फवारणी केल्यावर सरासरी १८ टक्के जास्त पाऊस आढळला. पण मुळात तसे ढग हवेत. कोऱ्या आभाळातून विमान पाऊस पाडू शकत नाही.

खरी गरज कशाची?

राज्याची सरासरी महाबळेश्वर आणि माण एकाच आकड्यात मिसळते. शेतकऱ्याला तिचा उपयोग नाही. त्याला तीन गोष्टी कळायला हव्यात : आपल्या मंडळात किती पाऊस झाला, जमिनीत ओल किती खोल गेली आणि उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतंय का. ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरणी नको, असं कृषी विभाग सांगतोच. पण हा सल्ला बातमीच्या शेवटच्या ओळीत राहतो; तो मथळ्यात यायला हवा. कारण उधारीवर आणलेलं बियाणं दुसऱ्यांदा आणण्याची ऐपत प्रत्येक घरात नसते.