विचारलेलं जातं कुठे?

"टँकर आला का?" "धायरी फाट्यावर गाड्या तुंबल्यात का?" "थंडीत इडलीचं पीठ फुगत नाही, काय करावं?" आमच्या धायरीत दिवस उजाडतो तो असल्या प्रश्नांनी. पूर्वी ते नळावर नि जिन्यात विचारले जात, आता सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारतात. जोडीला फोटो असतातच. धारेश्वराच्या दर्शनाचा, गॅलरीत उमललेल्या ब्रह्मकमळाचा, हरवलेल्या मांजराचा. या उद्योगाला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातली नाही. शेजाऱ्याला क्षुल्लक गोष्ट विचारता येणं हाच तर शेजार! बाहेरून येऊन इथे फ्लॅट घेतलेल्या आम्हां मंडळींना समोरच्या दारावरची पाटी सोडून एरवी काय माहीत असतं?

माझी तक्रार वेगळी आहे. इथे विचारलेलं संध्याकाळपर्यंतही टिकत नाही.

जानेवारी २०२५ आठवून पाहा. सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत 'जीबीएस'चे, म्हणजे गुलेन बॅरी सिंड्रोमचे रुग्ण सापडू लागले आणि महिनाअखेर पुणे परिसरातला आकडा शंभरावर गेला. या आजारात शरीराची संरक्षक यंत्रणाच मज्जातंतूंवर उलटते. हातापायांतली ताकद जाते, काहींना श्वासासाठी यंत्र लावावं लागतं. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला आणि संशय पाण्यावर गेला. झालं! ग्रुपवर गढूळ पेल्यांच्या फोटोंचा पाऊस पडला. पण पाणी कुणाच्या नळाचं, कोणत्या दिवशीचं, टँकरचं की विहिरीचं, याचा पत्ता नाही. एकच पेला तीन ग्रुपांतून फिरून आला, की तीन सोसायट्यांचं पाणी गढूळ!

आणि या आजारात तारखेलाच तर महत्त्व. आधी पोट बिघडतं आणि हातपाय लुळे पडतात ते बहुधा एक ते तीन आठवड्यांनी. म्हणजे शोध घ्यायचा तो मागच्या पाण्याचा. डिसेंबरात कुणी "पाण्याला वास येतोय का?" असं विचारलंही असेल, पण ते 'शुभ सकाळ'च्या गुलाबांखाली केव्हाच गाडलं गेलेलं.

शिवाय नितळ पाण्यातही जिवाणू असू शकतो, तो पेल्याच्या फोटोत दिसत नाही. पाण्यात क्लोरीन आहे का, हे ओ.टी. चाचणीने कळतं. नळीत पाणी घेऊन त्या द्रावणाचे थेंब टाकायचे. क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. खेडोपाडी ग्रामपंचायतीचे कर्मचारी हे करत आले आहेत. त्या पिवळ्या नळीचा फोटो, तारखेसह, कुणी टाकला तर मी ब्रह्मकमळाइतकंच कौतुक करीन.

टिकाऊ विचारपूस मराठी माणसाला नवी नाही. १९९६ च्या गणेशचतुर्थीला अमेरिकेत 'मायबोली' हे संकेतस्थळ सुरू झालं. तिथे प्रश्न विषयाच्या नावाखाली राहतो. वर्षांनी शोधलं तरी प्रश्न, उत्तरं आणि त्यावरची भांडणंसुद्धा सापडतात. व्हॉट्सॲपवर बोलणं वाहून जातं.

"कामंधामं सोडून नोंदी कोण करणार?" असं विचारतात. फोटो काढायला वेळ होता ना? मग तारीख, विंग आणि 'नळ' की 'टँकर', एवढंच लिहायचं. धायरीचा उरलेला भाग २०१७ मध्ये महापालिकेत आला. त्याआधी सरपंचांना रस्त्यात गाठून सांगता येत असे. आता अर्ज द्यावा लागतो, आणि अर्जात "परवा कधीतरी" चालत नाही.

आमच्या इमारतीत वॉचमनच्या टेबलाला एक वही दोरीने बांधली आहे. तारीख, वेळ, नळ की टँकर, रंग, वास, क्लोरीन असे रकाने आखलेत. परवाच्या तारखेला वासाच्या रकान्यात कुणीतरी लिहिलंय : "दुसऱ्या मजल्यावरच्या फोडणीचा."