घर पाहावे बांधून. पण पाहतो कोण?

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपण खर्चाची धास्ती सांगण्यासाठी वापरतो. मला मात्र तिच्यातला ‘पाहावे’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. आपण मुहूर्त पाहतो, रंग पाहतो. बांधकाम तेवढे पाहत नाही. ‘त्यातले आपल्याला काय कळते?’ असे म्हणून सारे मिस्त्रीवर सोपवून मोकळे होतो.

दारव्ह्याकडच्या शेतकऱ्याने तरी असे म्हणू नये. काळी जमीन पावसात फुगते, वैशाखात आकसते, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे त्याला पुस्तकाने शिकवायला नको. पण हीच माती घराखालीही असते, आणि भिंतीला वर उचलून पुन्हा खाली सोडते, हे ज्ञान धुऱ्यावरून घरापर्यंत येतच नाही. पुढे खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघाली, की आपण वास्तुदोष शोधू लागतो! पाया मुरूम लागेपर्यंत न्यावा, हा साधा उपाय. मुरूम फार खोल असेल, तर तळाशी फुगीर असलेले काँक्रीटचे खांब जमिनीत उतरवण्याची पद्धत रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी विकसित केलेली आहे.

यंदा आमच्या घरकुलाचे काम निघाले. पाया आणखी दीड फूट खणायचा, की त्या पैशांत समोर कमान काढायची, यावर घरात दोन दिवस वाद. मिस्त्री म्हणाले, “पाया कोन पाह्यते भाऊ? कमान तं दिसते.” त्यांचे तरी काय चुकले? लोक दिसणाऱ्याचेच कौतुक करतात. बाबा खड्ड्यात उतरले, तळची माती मुठीत दाबून पाहिली आणि म्हणाले, “हे तं अजून वावरच आहे.” खड्डा आणखी खोल गेला.

कॉलेजात आलेली घरातली मी पहिलीच, म्हणून नकाशा माझ्या हातात आला. मराठी-इतिहासवालीला त्यातले काय कळणार! पण विचारता येते. ‘ओट्यापाशी खिडकी कुठे?’ हा आईचा प्रश्न मीच पुढे केला. तिला कोणी विचारलेच नव्हते. शासनाने २०१६ पासून घरकुलाला किमान २५ चौरस मीटर जागा ठरवली आणि त्यात स्वयंपाकाची जागाही धरली, पण धूर कुठून जाईल हे घरच्यांनीच पाहायचे असते.

जुने तेच सोने, असेही माझे म्हणणे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरची जड माळवदे कोसळूनच हजारो माणसे गाडली गेली. आणि नवे तरी आपण कुठे नीट करतो? कोरड्या, उष्ण हवेत काँक्रीट किमान १० दिवस ओले ठेवावे, असे भारतीय मानक सांगते. आपल्याकडे भर उन्हाळ्यात स्लॅब पडतो आणि दोन दिवसांत पाण्याची नळी गुंडाळली जाते.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण खेड्यात जातो, रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्याच गावात कुणाचा पाया खणून उघडा असेल, तर टेप घेऊन घरमालकासोबत तिथेही उभे राहता येईल. मात्र भराव पडण्याआधी.