गावठीची बाजू

दिल्ली, नोएडा किंवा गुरुग्रामला बदली होऊन आलेल्या मराठी घरात कुत्रा पाळायचा विषय निघाला की पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं : ‘छोटासाच आणू, फ्लॅटमध्ये मोठा कुठे ठेवणार?’ दुसरंही ठरलेलंच : ‘त्याचं फार काही करावं लागू नये.’ कुत्रा जितका लहान तितकं त्याचं करणं कमी, हे यात आधीच गृहीत धरलेलं असतं. मग शित्झू, पग, पॉमेरियन अशी नावं पुढे येतात. मुलांनी हट्ट धरलेला असतो, आजीला दिवसभर सोबत हवी असते, आईबाबा दोघंही नोकरीला. हेतू चांगलाच असतो. पण ते गृहीतक चुकीचं आहे, आणि त्याचा त्रास बिचाऱ्या मुक्या जनावराला होतो.

शित्झूच्या बाजूने सांगितला जाणारा सगळ्यात बळकट मुद्दा असा, की त्याचे केस गळत नाहीत. हे बऱ्याच अंशी खरं आहे. सोफ्यावर, गादीवर, काळ्या पँटवर त्याचे केस फारसे सापडत नाहीत. पण जे केस गळत नाहीत ते वाढतात. माणसाच्या डोक्यावरच्या केसांसारखे वाढतच राहतात. चार दिवस कंगवा फिरला नाही की कानांमागे आणि काखेत गुंता होतो. आठवडाभरात त्या गुंत्याची नमद्यासारखी घट्ट गाठ बनते. तिच्याखालची कातडी ओढली जाते, ओली राहते, लाल होते. पावसाळ्यात त्याच गाठीखाली गोचीड लपते आणि हाताला लागेपर्यंत रक्त पिऊन टपोरी झालेली असते. डोळ्यांवर येणारे केस बांधायचे, डोळ्यांच्या कोपऱ्यातला चिकटा रोज पुसायचा, महिना-दीड महिन्याने केस कापून आणायचे, हे सगळं बारा-पंधरा वर्षं चालतं. आखूड केसांच्या कुत्र्याचे गळलेले केस झाडूने गोळा होतात आणि विषय संपतो. शित्झूचं काम घरातल्या कुणाच्या तरी हातांना रोज करावं लागतं. ते आनंदाने करणारी माणसं आहेत आणि त्यांनी शित्झू जरूर पाळावा. मात्र त्याला ‘कमी कामाचा’ म्हणू नये.

लहान आकाराची आणखी काही देणी असतात. कुत्रा केवढाही असो, त्याला पक्के दात बेचाळीसच येतात. लहान जबड्यात ते दाटीने उगवतात, त्यांवर कीटण लवकर चढतं. लहान जातींत गुडघ्याची वाटी सरकण्याचा विकार बराच आढळतो आणि एनसीआरमधल्या, म्हणजे दिल्ली व परिसरातल्या, बहुतेक नव्या फ्लॅटांत गुळगुळीत टाइल्स असतात. मूत्राशय लहान, त्यामुळे पिल्लाला खाली नेण्याच्या खेपा जास्त. चौदाव्या मजल्यावर राहणाऱ्यांना या एका वाक्याचा अर्थ लिफ्टची वाट पाहताना कळतो.

पगची गोष्ट अधिक दुःखाची आहे. २००३ साली ‘हच’ या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका लहान मुलाच्या मागेमागे जाणारा पग घराघरांत पोचला आणि ते सुरकुतलेलं तोंड भारतभर लोकांच्या मनात बसलं. पण कुत्र्याच्या देहात नाकाचं काम वास घेण्यापुरतं नसतं. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांना थोडा येतो, पण उन्हाळ्यात उष्णता मुख्यतः धापा टाकूनच बाहेर काढावी लागते. जिभेवरची आणि नाकाच्या आतल्या वळ्यांवरची ओल वाफ होऊन उडते, तेव्हा रक्त थंड होतं. पगची कवटी पिढ्यान्‌पिढ्या आखूड करत नेली, पण आतली मऊ टाळू त्या प्रमाणात आखूड झाली नाही. ती श्वासाच्या वाटेत लोंबते. नाकपुड्या चिरेइतक्या अरुंद. घरच्यांना गोड वाटणारं त्याचं घोरणं म्हणजे अडकलेला श्वास असतो. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजच्या संशोधकांनी २०२२ साली मांडलेला निष्कर्ष असा, की इतर कुत्र्यांच्या तुलनेत पगला वर्षभरात काही ना काही विकार जडण्याची शक्यता जवळपास दुप्पट असते आणि आरोग्याच्या दृष्टीने त्याला आता सर्वसाधारण कुत्रा म्हणता येणार नाही. हे इंग्लंडच्या हवेतलं निदान आहे.

आता दिल्लीची हवा. २९ मे २०२४ रोजी सफदरजंग वेधशाळेत ४६.८ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. अशा दिवशी लांब नाकाचा कुत्रासुद्धा सावलीत जीव मुठीत धरून पडलेला असतो. पगला तर सोसायटीच्या फाटकापर्यंतची दुपारची फेरीही जिवावर बेतू शकते. ‘घरात एसी आहे’ हे उत्तर तयार असतं. पण कुत्र्याला शी-शूसाठी खाली न्यावंच लागतं, मे-जूनमध्ये वीजही जाते आणि संध्याकाळी सात वाजता डांबर तापलेलंच असतं. उलटा हात पाच-सात सेकंद जमिनीवर टेकवून पाहावा. हाताला सोसत नसेल तर पंजालाही सोसत नाही. ज्याचं तापमान रोज सांभाळावं लागतं, तो प्राणी कमी देखभालीचा कसा?

पॉमेरियनबद्दल थोडं न्यायाने बोलायला हवं. भारतात ज्याला सर्रास पॉमेरियन म्हणतात तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’मधला टफी त्याच जातकुळीचा. नाक पुरेसं लांब, अंग काटक, पिढ्यान्‌पिढ्या इथल्या हवेत मुरलेला. केस विंचरायची आणि त्याचं भुंकणं शेजाऱ्यांना समजावून सांगायची तयारी असेल, तर लहान कुत्र्यांमध्ये त्याची निवड समजण्यासारखी आहे. बसक्या नाकाच्या जातींवर घेतलेला आक्षेप त्याला लागू होत नाही.

तरीही एनसीआरमधल्या कुटुंबासाठी सगळ्यात सोयीचा, कमी खर्चाचा आणि कमी दुखणाईत कुत्रा विकत मिळत नाही. तो रस्त्यावर किंवा निवाऱ्यात असतो. तो म्हणजे आपला गावठी.

या शब्दापाशी जरा थांबायला हवं. मराठी घरात गावठी कोंबडी, गावठी अंडी, गावठी तूप यांचं कौतुक असतं. त्यांसाठी चार पैसे जास्त मोजले जातात. तोच शब्द कुत्र्याला लागला की कमीपणाचा होतो. छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी साताऱ्याजवळ संगम माहुलीला जपणाऱ्या, दत्ताच्या तसबिरीतल्या कुत्र्यांनाही हात जोडणाऱ्या समाजाला हे शोभत नाही. गावठीचा घाट कुणी प्रदर्शनातल्या बक्षिसासाठी ठरवलेला नाही. तो इथल्या उन्हाने, पावसाने आणि अर्धपोटी दिवसांनी ठरवला आहे. आखूड केस, लांब नाक, सडपातळ अंग, कान उभे किंवा अर्धे दुमडलेले. महिन्याकाठी एक आंघोळ, आठवड्यातून एकदा ब्रश, वेळच्या वेळी लशी आणि गोचिडीचं औषध एवढं पुरतं.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला, तो लहान नसतो. खरं आहे, मांडीवर मावणारा तो नव्हे. पण बारा-पंधरा किलोंच्या माद्या निवाऱ्यांत भरपूर असतात आणि एवढं वजन आजीलाही पट्ट्यावर आवरता येतं. दुसरा, त्याच्या स्वभावाचा भरवसा नाही. इथे उलट विचारायला हवं, की दोन महिन्यांच्या विकतच्या पिल्लाच्या स्वभावाचा भरवसा कोण देतो? दोन-तीन वर्षांचा गावठी कुत्रा जेवढा व्हायचा तेवढा झालेला असतो. मुलं धावली की तो काय करतो, ताटाजवळ हात गेला तर गुरगुरतो का, फटाक्याला घाबरतो का, हे सांभाळणाऱ्यांना ठाऊक असतं आणि पाहणाऱ्यालाही दिसतं. तिसरा आक्षेप रोगाचा. दिल्ली-एनसीआरमध्ये नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला इंग्रजी ‘व्ही’सारखी खाच असते. बहुधा त्याच वेळी रेबीजची लसही दिलेली असते. घरी आणण्याआधी रक्त तपासून घेतलं आणि लशी पुन्हा टोचल्या की चिंता बरीच कमी होते.

कायद्यानेही वाट मोकळी केली आहे. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि परिसरातले भटके कुत्रे उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला आणि नसबंदी, जंतनाशक व लसीकरणानंतर कुत्र्यांना मूळ जागी सोडायला सांगितलं. रेबीज झालेले किंवा आक्रमक कुत्रे त्याला अपवाद. त्याच आदेशात प्राणिप्रेमींना महापालिकेकडे अर्ज करून भटका कुत्रा दत्तक घेण्याची मुभा आहे. तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी मात्र घेणाऱ्याची. सोसायटीच्या सभेत ‘इथे देशी कुत्रा चालणार नाही’ असं कुणी म्हटलं, तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना दाखवाव्यात. बहुमताने ठराव करूनही रहिवासी संघटनेला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. दिल्लीत कुत्र्याची महापालिकेकडे नोंदणी करावीच लागते, मग तो जातिवंत असो वा गावठी.

डिफेन्स कॉलनीच्या उड्डाणपुलाखाली १९७९ पासून फ्रेंडिकोज या प्राणी-निवाऱ्याचं काम चालतं. राजा गार्डनला संजय गांधी अ‍ॅनिमल केअर सेंटर आहे. अशा ठिकाणी एकदा जाऊन ठरवू नये. तीनदा जावं. दुसऱ्या खेपेला मुलांना न्यावं, तिसऱ्या खेपेला आजीला. उड्या मारत जाळीशी येणारा कुत्रा मुलांना पहिला आवडतो. पण घरासाठी बरेचदा मागे उभा राहून शेपटी खाली ठेवून हळू हलवणारा अधिक बरा. त्याला पट्टा लावून रहदारीच्या कडेने दहा मिनिटं चालवून पाहावं. पंजा हातात घ्यावा, कान उचलून आत पाहावं. एवढं त्याने करू दिलं की अर्धी निवड झाली.

घरी आल्यावर पहिले काही दिवस तो बहुधा पलंगाखाली किंवा बाल्कनीच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. पंखा, मिक्सर, लिफ्टचं दार, सगळंच त्याला नवं असतं. मुलांनी त्याला ओढून काढू नये, त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नये. दहीभाताची वाटी पलंगापासून हातभर अंतरावर ठेवावी आणि आजीने तिथेच जमिनीवर, त्याच्याकडे पाठ करून, भाजी निवडत बसावं. पहिल्या दिवशी वाटी तशीच राहते. दुसऱ्या दिवशी सगळे झोपल्यावर रिकामी होते. मग एका दुपारी मेथीच्या जुडीपाशी एक ओलं नाक येतं आणि आजीच्या पदराचा वास घेतं.