दुःखाचे कारण शोधणारी विद्या

दहावीचा निकाल लागला की आमच्याकडे येणाऱ्या पालकांचा प्रश्न ठरलेला असतो: लेकरू डॉक्टर होईल का? ही आकांक्षा रास्तच आहे. तथापि या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही पालकांपुढे व माजी विद्यार्थ्यांपुढे आणखी एक वाट ठेवू इच्छितो. ती वाट साथरोगशास्त्राची.

डॉक्टर समोरच्या रुग्णाला विचारतो, काय होते? साथरोगशास्त्रज्ञ साऱ्या गावाचा विचार करतो: हा आजार याच वस्तीत का, याच महिन्यात का, याच माणसांना का? नावात साथ असली, तरी संसर्गाने न होणारी दुखणीही या शास्त्राच्या कक्षेत येतात.

२०१७ चा हंगाम आपला यवतमाळ जिल्हा विसरलेला नाही. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात २० हून अधिक माणसे दगावली, शेकडो रुग्णालयात दाखल झाली. त्यांत शेतकरी होते, तसे फवारणीची मजुरी करणारेही होते. मजुराने काळजी घेतली नाही, असे म्हणणे सोपे होते. पण कोणती औषधे एकत्र केली? कपाशी किती उंच वाढली होती? पंप कोणता? सलग किती तास फवारणी झाली? हातमोजे द्यायचे कोणी? बाधा झालेल्यांची आणि तशीच फवारणी करूनही बाधा न झालेल्यांची तुलना केली, तरच खरे कारण हाती लागते. मजुराला दोष देऊन पुढच्या हंगामातला मृत्यू टळत नाही. कारण सापडले तर टाळता येतो.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांला येथे १८९७ चे पुणे आठवते. मुंढव्याच्या महारवाड्यातील प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई हडपसरजवळ डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात पोहोचल्या. त्यातच त्यांना प्लेग जडला आणि १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. ती करुणा आमचा वारसा आहे. त्या करुणेला आता गणिताची जोड हवी.

या विद्येकडे जाण्याचे मार्ग एकाहून अधिक आहेत. एम.बी.बी.एस. नंतर जनऔषधवैद्यकशास्त्रात एम.डी. करता येते. डॉक्टर न होताही परिचर्या, संख्याशास्त्र वा जीवशास्त्राच्या पदवीनंतर अनेक संस्थांत सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेता येते. प्रवेशाच्या अटी मात्र संस्थेगणिक पाहाव्यात. चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था याच विषयाला वाहिलेली आहे. या क्षेत्रातील अनेक पदे कंत्राटी असतात, हेही पालकांपासून आम्ही लपवणार नाही. म्हणून माजी विद्यार्थ्यांनी केवळ सत्काराला येऊ नये. एखाद्या मुलीच्या दोन वर्षांच्या शिक्षणाचा भार उचलावा.

दुःख आहे आणि त्याला कारण आहे, हे तथागतांनी सांगितले. आमच्या वसतिगृहातील अनेक मुलांचे आईबाप कपाशीच्या शेतात राबतात. त्या शेतात माणूस का कोसळला, हे शास्त्राच्या आधारे सांगणारी व्यक्ती याच मुलांतून घडावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.