सागाचे सोंग

दिवाळीच्या तोंडावर घरात नवे कपाट आले की दोन प्रकारची माणसे हमखास बोलू लागतात. एक, फळीवर बोटाने टकटक करून "छे, छे! हा तर भुसा. याला काय लाकूड म्हणायचे?" असे नाक मुरडणारी, आणि दुसरी, त्याच भुशावर सागाच्या शिरांचा छापील कागद चढवून "हुबेहूब सागासारखे" म्हणून ते विकणारी. पहिल्यांना समाज जाणकार समजतो, दुसऱ्यांना व्यवहारी. आमचे म्हणणे असे की, या दोघांनी मिळून एका निरपराध वस्तूची बेअब्रू चालविली आहे आणि तिचा दंड मात्र सामान्य गृहस्थ भरीत आहे.

आधी सागवाल्यांचे ऐकून घेऊ. साग उत्तम लाकूड आहे, यात वादच नाही. त्याच्या अंगात तेल असते, वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही, आणि आलापल्ली-बल्लारपूरकडच्या सागाचा लौकिक आम्हांलाही ठाऊक आहे. परंतु जंगलातला साग जाणता व्हायला पन्नास-साठ वर्षे घेतो, आणि आपल्या मुलीचे लग्न तितके थांबत नाही! घरोघरी सागवानी कपाटे हवीत असे म्हणणाऱ्यांनी ती कोणत्या जंगलातून आणायची हेही सांगावे. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने केंद्राने मान्य केलेल्या कार्ययोजनेखेरीज जंगलात झाडे तोडू नयेत असे बजावले, ते काही हौसेने नव्हे. आज हरियाणातील यमुनानगरचे प्लायवुड शेतकऱ्यांनी बांधावर आणि शेतात लावलेल्या पॉप्लर-निलगिरीपासून बनते. ही झाडे काही वर्षांत तोडणीला येतात. जंगल राखून कपाट मिळत असेल, तर त्यात नाक मुरडण्यासारखे काय आहे?

शिवाय अखंड लाकूड म्हणजे सर्वगुणसंपन्न, ही समजूतही भाबडी आहे. आषाढात दार चौकटीला अडते आणि वैशाखात त्याला फट पडते, हे कोणत्या घरात घडत नाही? लाकूड ओल पिऊन आडवे फुगते, लांबीत मात्र जवळजवळ वाढत नाही. प्लायवुडने या खोडीवरच औषध काढले. लाकडाचे पातळ पापुद्रे एकाच्या शिरा उभ्या तर दुसऱ्याच्या आडव्या असे एकमेकांवर चिकटवायचे, म्हणजे प्रत्येक थर शेजारच्याला फुगू देत नाही. थर विषम संख्येत ठेवायचे, म्हणजे दोन्ही बाजूंचा ताण सारखा राहून फळी वाकडी होत नाही. याला भेसळ म्हणायचे की बुद्धी? 1940 साली आकाशात झेपावलेले इंग्लंडचे 'मॉस्किटो' विमान मुख्यतः प्लायवुडचे होते. फिनलंडच्या आल्वार आल्टोने 1930 च्या दशकाच्या आरंभी पायमिओच्या क्षयरोग्यांच्या आरोग्यधामासाठी वाकवलेल्या प्लायवुडची खुर्ची घडविली. तिच्यात प्लायवुड प्लायवुडासारखेच दिसते. त्या माणसाला त्याची लाज वाटली नाही!

आता विकणाऱ्यांकडे वळू. त्यांचा पहिला अपराध हा की, ते सगळ्या फळ्यांना 'बोर्ड' या एकाच नावाखाली दडवतात. वास्तविक यांचे धर्म निराळे आहेत. प्लायवुड पापुद्र्यांचे, ते ओझे पेलते आणि स्क्रू धरते. ब्लॉकबोर्डच्या पोटात हलक्या लाकडाच्या पट्ट्या असतात. वजनाने कमी म्हणून दारांना तो बरा. पार्टिकल बोर्ड लाकडाच्या कपच्या आणि डिंक दाबून केलेला. स्वस्त, सपाट, पण एकदा काढलेला स्क्रू त्याच भोकात पुन्हा धड बसत नाही. एमडीएफ लाकडाचे तंतू पिंजून केलेला. त्यावर नक्षी सुरेख निघते आणि रंग काचेसारखा बसतो. मात्र साधा पार्टिकल बोर्ड किंवा साधा एमडीएफ ओट्याखाली सिंकच्या पोटात बसवाल, तर पहिल्याच गळतीत त्याची कड पुरीसारखी फुगेल आणि ती पुन्हा बसायची नाही. हा दोष फळीचा नव्हे, तिला तेथे बसविणाराचा.

फळीच्या वाकाचेही असेच. पुस्तकांनी भरलेला कप्पा मधोमध झुकला की आपण म्हणतो, माल हलका. पण हिशेब काय सांगतो? सारखेच ओझे पसरलेल्या फळीची लांबी दुप्पट केली की तिचा वाक दुप्पट होत नाही, सोळापट होतो! उलट जाडी दुप्पट केली की तिचा ताठपणा आठपट वाढतो. तेव्हा तीन फुटी कप्प्याच्या मध्ये एक उभा आधार दिला तर तीच 'हलकी' फळी मुकाट्याने पुस्तके वाहील. आधार वाचवून फळीवर खापर फोडणे म्हणजे नाचता येईना, अंगण वाकडे!

दुसरा अपराध भाषेचा. दुकानात 'सातशे दहा', 'मरीन', 'वॉटरप्रूफ' हे शब्द मंत्रासारखे फेकले जातात. 710 हे काही परीक्षेतले गुण नव्हेत. मरीन प्लायवुडसाठीच्या भारतीय मानकाचा तो क्रमांक आहे. त्या मानकात नमुना 72 तास उकळत्या पाण्यात ठेवूनही पापुद्रे सुटता कामा नयेत अशी कसोटी आहे. फळीवर आयएसआयचे चिन्ह आणि परवाना क्रमांक नसेल, तर नुसते 'सातशे दहा' म्हणणे ही शुद्ध थाप होय.

तिसरा अपराध सर्वांत गंभीर, कारण तो श्वासाशी निगडित आहे. स्वस्त फळ्यांतील डिंक बहुधा युरिया-फॉर्माल्डिहाइडचा असतो. नव्या कपाटाचा जो उग्र वास डोळ्यांत झोंबतो, त्यात त्याच डिंकातून सुटणारा वायू असतो. उष्ण, दमट हवेत तो अधिक सुटतो, आणि आपल्या मुंबई-कोकणाची हवा कशी असते ते सांगायला नकोच. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांत गणले. यावर उपाय आहेत. कमी वायू सोडणाऱ्या, युरोपात ई-1 म्हणून ठरलेल्या प्रतीच्या फळ्या मिळतात. कापलेल्या सगळ्या कडा, मागची बाजूसुद्धा, बंद करता येतात. नव्या खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवता येतात. पण मुलांच्या खोलीचे कपाट विकताना हे कितीजण सांगतात? आणि तुमच्याच बंद खोलीत दिवसभर एमडीएफ कापणाऱ्या सुताराच्या नाकावर साधा मुखवटा आहे की नाही, हे आपण तरी कधी पाहतो? लाकडाची बारीक धूळही त्याच संस्थेच्या त्याच यादीत आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. सागाचे सोंग बंद करा. खरा सागाचा पापुद्रा लावला असेल तर 'आत अमुक फळी, वर सागाचा पापुद्रा' असे म्हणा. छापील कागद असेल तर कागद म्हणा. पावतीवर 'लाकडी कपाट' एवढेच न लिहिता फळीची जात, जाडी, मानक आणि डिंकाची प्रत लिहा. आणि गृहस्थहो, तुम्हीही पॉलिशची चकाकी पाहून भुलू नका. दाराची आतली कड पाहा, मागची फळी पाहा, कप्प्याची लांबी मोजा. आपल्या वाडवडिलांनी रुपया वाजवून घेतल्याशिवाय कधी कनवटीला लावला नाही. आपण मात्र हजारो रुपये मोजून वर कागद चिकटवलेली वस्तू, आत काय आहे हे न विचारता घरी आणतो आणि दोन पावसाळ्यांनंतर भुशाच्या नावाने बोटे मोडतो. भुशाने आपल्याला कधीच फसविले नाही. तो साग आहे, असे तो कधी बोललाच नव्हता!