संगमरवराचा ‘उद्धार’

अठराव्या शतकांत इंग्रज उमराव इटलीच्या प्रवासास गेले आणि प्राचीन रोमचे संगमरवरी अवशेष आठवण म्हणून घरीं घेऊन आले. त्यांनीं ते नेले म्हणूनच वांचले, नाहीं तर चुनाभट्टींत गेले असते, असें त्यांचे कैवारी सांगतात. रोममध्यें पुतळे जाळून चुना करीत हें खरें. पण तो उद्योग मुख्यत्वें मध्ययुगांतला व त्यापुढील एकदोन शतकांतला. १७७१ सालीं तर खुद्द पोपनें व्हॅटिकनमध्यें प्राचीन शिल्पांचें संग्रहालय स्थापन केलें होतें, आणि अवशेष परदेशीं नेण्यास सरकारी परवाना लागत होता. ज्या शहरांत तुटक्या धडालाहि पौंडांत किंमत येऊं लागली, तेथें त्याचा चुना करण्याइतका खुळा कोण राहिला होता? आमचे उद्धारकर्ते अवतरले ते संकट टळल्यावर!

बरें, उद्धार तरी कसा केला? १७९१ सालीं टिव्होली येथें हेड्रियन बादशहाच्या प्रासादांत थाळी फेकणाऱ्या मल्लाची मूर्ति निघाली; मायरन या ग्रीक शिल्पकाराच्या कृतीची ती रोमन प्रतिकृति. चार्ल्स टाउनलेनें टॉमस जेन्किन्स या व्यापाऱ्यास ४०० पौंड मोजून ती घेतली. गिऱ्हाइकाला मूर्ति अखंड हवी, म्हणून तिच्यावर डोकें बसविलेलें होतें. मूळ रचनेंत मल्ल मान वळवून मागें थाळीकडे पाहतो. टाउनलेचा मल्ल भलतीकडेच पाहतो. १७८१ सालीं रोममध्यें याच कृतीची दुसरी प्रत सांपडली होती, तिची मान योग्य दिशेस वळलेली आहे. रिचर्ड पेन नाइट यानें चूक दाखविली, तरी टाउनलेचा हट्ट सुटेना. १८०५ सालीं ब्रिटिश म्यूझियमनें त्याचा संग्रह २०,००० पौंडांस घेतला. तें डोकें अद्यापि तसेंच आहे.

मल्लांचें व देवतांचें एक वेळ सोडून देऊं. आम्हांस अधिक सलतें तें रक्षाकलशांचें. आकारानें लहान, नक्षीनें सुबक, गलबतांतून नेण्यास सोपे. त्यांवर मृताचें नांव कोरलेलें, कधीं कोणाच्या पत्नीचें, कधीं दास्यांतून मुक्त झालेल्या एखाद्याचें. कुटुंबाच्या थडग्यांत आप्तांशेजारीं तें नांव बोलकें होतें. थडग्याची जागाच कोणीं टिपून ठेवली नाहीं, कीं तें पोरकें झालें. हेन्री ब्लंडेलनें लँकाशायरमधील आपल्या संग्रहांत असे कलश शोभेस मांडले. आणि आंतील रक्षा? बाजारांत तिला मोल नव्हतें.